पान एकेचाळीस आणि दुधाचे चार कॅन

१ नोव्हेंबर १९८३, मंगळवार

नववीचे पेपर तपासून संपले. 'रासायनिक बंध आणि संयुगांचे गुणधर्म', वीस मार्क. तेवीस पोरं, एकोणीस नापास. प्रश्न दुसरा : मीठ पाण्यात का विरघळतं? एकाने लिहिलंय, "बारीक असतं म्हणून." दुसऱ्याने, "ढवळल्यामुळे." सिव नावाची एक मुलगी आहे, वर्गात सारखा हात वर. तिने लिहिलंय, "सरांनी सांगितलं होतं, पण तेव्हा ते फळ्याशी बोलत होते." शून्य दिलं. शून्याच्या खाली जायची सोय नाही म्हणून.

एकोणीस वर्षं हाच धडा शिकवतोय. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, उलटे भार एकमेकांना गच्च धरतात, झाला आयनिक बंध. हायड्रोजन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, झाला सहसंयुज बंध. यात न कळण्यासारखं काय आहे? पण या हेल्लेविक गावात माणसं मासे पकडतात, मासे वाळवतात आणि मासे खातात. डोक्यातही मासेच भरलेले.

हेडमास्तर ओड्वारने बोलावलं. म्हणाला, अरे आउडुन, तेवीसातले एकोणीस गळाले तर दोष पोरांचा की चाळणीचा? स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसला. मग हळूच म्हणाला की नाताळनंतर नववीची केमिस्ट्री गुन्वोरला द्यावी असं त्याच्या मनात आहे.

गुन्वोर! गृहशास्त्राची बाई! पोरांना खिम्याचे गोळे वळायला शिकवते ती!

मी शांतपणे "बघू" म्हणालो. बाहेर पडताना दार जरा जोरात लागलं. वाऱ्याने.

२ नोव्हेंबर

संकल्प :
चिडायचं नाही.
सकाळी बंदरापर्यंत चालायला जायचं.
पुस्तक नाताळच्या आत संपवायचं.

पुस्तक म्हणजे 'बंध : सोप्या भाषेत'. एकशे बारा पानं हातानं लिहून झाली, प्रस्तावना तेवढी राहिलीये. सोल्फ्रिड, माझी बायको, शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट आहे, ती संध्याकाळी टाइप करते. मधेच "हं" म्हणते. काय हं, म्हणून विचारलं तर म्हणते, हे पान छान जमलंय तुला. कुठलं पान? मिठाचं आणि साखरेचं. प्रस्तावनेबद्दल अक्षर नाही. कौतुक कशाचं करावं हे कळायलाही शिक्षण लागतं.

३ नोव्हेंबर

पाऊस. चालणं रद्द. चिडलो नाही, फक्त बोललो.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

गृहशास्त्राच्या खोलीवरून जात होतो. आत जळका वास आणि आरडाओरडा. गुन्वोरने एका तव्यात साखर तापवली होती, दुसऱ्यात मीठ. साखर वितळून तपकिरी झाली. मीठ नुसतं तडतडलं आणि जसंच्या तसं बसून राहिलं. असं का, म्हणून तिने विचारलं. सिव म्हणाली, साखरेचे रेणू शेजाऱ्याला नुसते टेकून बसलेले असतात, जरा तापवलं की सुटतात. मिठाचं तसं नाही, सगळे मिळून एकाच जाळ्यात गच्च.

बरोबर आहे. पण हे तिला शिकवलं कुणी? मी. माझं शिकवणं असं तीन आठवड्यांनी उगवतं, आणि पीक कापतं कोण? पातेलीवाली. पुन्हा ते सगळं नंतर त्यांनी पावाला लावून खाल्लं! केमिस्ट्री खायची वस्तू आहे का?

७ नोव्हेंबर, सोमवार

मीही प्रयोग केला. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, बल्ब लागतो. साखरेच्या पाण्यातून जात नाही, लागत नाही. दोन्हींत लागला नाही. बल्ब सदोष असल्याचं वर्गाला सांगितलं आणि सदोष बल्बवर वीस मिनिटं बोललो. तास संपल्यावर शिपाई येऊन म्हणाला, मास्तर, प्लग खाली लोंबतोय.

अर्धा प्रयोग तरी बरोबर आलाच होता.

८ नोव्हेंबर

गावात एकच बातमी. यॉर्डिसबाई बंदराच्या पायरीवरून बर्फावर घसरल्या, उजवं मनगट मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. दर डिसेंबरात लुटेफिस्क मंडळाच्या जेवणाचा मासा त्याच करतात, गेली एकेचाळीस वर्षं. मंडळाचे पुरुष सरपंचाचा खून झाल्यासारखं तोंड करून फिरताहेत. यंदा मंडळाला पन्नास वर्षं. जेवायला साठ माणसं. जेवण ३ डिसेंबरला.

९ नोव्हेंबर

मंडळाची सभा. कोण करणार, कोण करणार, सगळे टेबलाकडे बघताहेत. शेवटी मी उभा राहिलो. म्हणालो, सद्गृहस्थहो, लुटेफिस्क म्हणजे काय? वाळवलेला कॉड मासा आधी पाण्यात, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, मग परत पाण्यात. सोडा माशातल्या प्रथिनांचे बंध सैल करतो, त्यात पाणी शिरतं, मासा फुगतो, थरथरतो. ही शुद्ध केमिस्ट्री आहे. आणि या गावात केमिस्ट एकच आहे.

कुणीतरी खोकलं.

ओड्वार म्हणाला, चल, ठरलं. पण नववीला बरोबर घे. पोरांना कळू दे आपण करतोय काय आणि का. जेवणाच्या दिवशी मी पोरांना चारचौघांत विचारीन. त्यांना सांगता आलं तर नववी तुझी. नाही आलं तर गुन्वोरची. त्याने स्वतःची बोटशेडही देऊ केली, मासा भिजवायला. त्याची बोट तिथेच हिवाळ्यासाठी ठेवलीये, तीन आठवडे खपून नवं व्हार्निश मारलंय, तेवढी सांभाळ म्हणाला.

म्हणजे नववी माझी. यात विषयच नाही.

१० नोव्हेंबर, गुरुवार

यॉर्डिसबाईंकडे गेलो. माहिती घ्यायला नाही, सौजन्य म्हणून. हात गळ्यात बांधलेला, तोंड मोकळं. त्यांच्या माळ्यावर वाळका कॉड सरपणासारखा रचून ठेवलाय, दोन वर्षं पुरेल इतका.

विचारलं, सोडा किती? म्हणाल्या, पुरेल इतका. म्हणजे किती ग्रॅम? अरे मास्तर, पाण्यात बोट बुडवायचं, अंगठ्यावर घासायचं, बुळबुळीत लागलं की बास. किती दिवस ठेवायचं? मासा सांगतो. मासा सांगतो! अशा अडाणीपणावर या गावाने एकेचाळीस नाताळ काढले.

जाताना म्हणाल्या, माझी लाकडी पिंपं घेऊन जा. मी म्हणालो, लाकूड अस्वच्छ, आजच्या काळात चालत नाही. मी डेअरीतून अॅल्युमिनियमचे चार दुधाचे कॅन आणलेत, पन्नास लिटरचे, आरशासारखे. बाई एकदम उठूनच बसल्या. अॅल्युमिनियम? अजिबात नको हो. माझ्या सासूने एकदा केलं होतं, किटलीला भोक पडलं.

मी हसून सोडून दिलं. सासूची किटली हलकी असणार. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, चिलखतासारखा. हवा काही करू शकत नाही, पाणी काही करू शकत नाही. हे मी एकोणीस वर्षं शिकवतोय. सासूने कुठल्या कॉलेजात केलं होतं?

मी दार ओढून घेताना त्या आत म्हणाल्या, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. कुणाबद्दल, कळलं नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

कॅन घरी आणून घासले. सोल्फ्रिड दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, सोडाही यातच घालणार आहेस? हो. मग म्हणाली, आउडुन, पान एकेचाळीस एकदा वाचून घे.

म्हणजे कुठेतरी स्वल्पविराम राहिलाय. म्हटलं, मासा झाला की बघतो.

१४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०

शुभारंभ. बारा किलो मासा करवतीने कापून चार कॅनमध्ये, पाण्यात. नववी हजर. मी बंधांवर बोललो. पाऊण तास. बोटशेडमध्ये थंडी होती, त्यामुळे पोरं उड्या मारत ऐकत होती, पण ऐकत होती.

पाणी रोज बदलायचं. वेळापत्रक भिंतीवर लावलं. शिस्त.

१७ नोव्हेंबर

प्रस्तावनेला सूर सापडला. पहिलं वाक्य झालं : "अज्ञान हा मानवाचा सर्वांत घट्ट बंध आहे." दिवसभर ते वाचत बसलो.

१८ नोव्हेंबर

पाणी बदलायचं राहिलं. परवाही राहिलं होतं बहुतेक. वेळापत्रक भिंतीवर आहे, पण भिंत तिकडे आणि मी इकडे.

सोल्फ्रिडने विणकाम मंडळात नाव घातलंय. आता रोज संध्याकाळी जाणार. चांगलं आहे, बायकांना काहीतरी लागतंच.

२० नोव्हेंबर, रविवार

मासा अजून मधे कडक. दोन दिवस वाया गेले, ते भरून काढायला हवेत. साधा हिशेब आहे, सोडा दुप्पट घातला की वेळ अर्धा. कागद शोधत होतो तर टेबलावर एक टाइप केलेलं पान पडलं होतं, सोल्फ्रिडने ठेवलेलं. पान एकेचाळीस. माझा कॉफीचा कप त्यावरच होता, गोल डाग पडला. पाठ कोरी होती, तिच्यावर सोड्याचा हिशेब केला. छान बसला.

सोल्फ्रिड विणकामावरून आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. विणकामाला एवढं पाणी कशाला लागतं कोण जाणे.

२१ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०.३०

सोडा घातला. दहा मिनिटांत कॅनमध्ये बुडबुडे. सुंदर! बारीक, सतत, फेसासारखे. वर्गाला म्हणालो, पोरांनो, ऐका, हा बंध तुटण्याचा आवाज आहे! प्रथिनांची घडी उलगडतेय!

सिवने हात वर केला. सर, पण बुडबुडे माशापासून येत नाहीयेत, कॅनच्या कडेने येताहेत. कुठला वायू आहे हा? मी म्हणालो, आत्ता विषय वायूचा नाही. ती म्हणाली, मग रिकाम्या कॅनमध्ये सोडा घालून बघू या का? मी म्हणालो, सोडा फुकट येत नाही. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. असल्या पोरांचं पुढे काही होत नाही.

कॅनला हात लावला तर कोमट. मासा मेहनत घेतोय.

२२ नोव्हेंबर

एका कॅनचं झाकण सकाळी वरच्या तुळईवर सापडलं. मांजर. या गावात मांजरं फार माजलीत.

२३ नोव्हेंबर

आज दोन झाकणं. दोन मांजरं.

उपाय केला. डेअरीतून कडीची झाकणं आणली, चारही कॅन गच्च आवळले. आता बघू.

संध्याकाळी सोल्फ्रिड म्हणाली, आउडुन, तुला हात जोडते, पान एकेचाळीस. मी म्हणालो, स्वल्पविरामाशिवाय जग चाललंय ना? मग चालू दे. ती कोट घालून विणकामाला गेली. हल्ली तिच्या कोटाला माशाचा वास येतो. माझाच लागला असणार.

२४ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १

दुसरा तास चालू असताना बंदराच्या बाजूने धडाम. खिडक्या हलल्या. मी धडा थांबवला नाही. शिपाई धावत आला, मास्तर, तुमचा मासा!

कॅन नंबर दोनचं झाकण कडीसकट उडालं. कुणाला लागलं नाही, शेडमध्ये माणूसच नव्हता. फेस मात्र छतापर्यंत, आणि थोडे शिंतोडे ओड्वारच्या बोटीवर.

दुपारी ४

थोडे म्हणजे डाव्या बाजूला पूर्ण. व्हार्निश पट्ट्यापट्ट्यांनी सुटून आलंय, खाली उघडं लाकूड. ओड्वारला समजावून सांगितलं की व्हार्निश तेलापासून बनतं, सोड्याने तेलाचा साबण होतो, त्यामुळे हा अपघात नसून गुणधर्म आहे. तो म्हणाला, आउडुन, आत्ता माझ्यासमोरून जा. शिकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

कॅन नंबर दोनच्या बुडाला बोट जाईल एवढं भोक. डेअरीने हलका माल दिला. उरलेल्या तीन कॅनमधला सोडा ओतून स्वच्छ पाणी भरलं. झाकणं सैल ठेवली. मांजरांना घाबरून कसं चालेल?

२५ नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये गुन्वोरने विचारलं, काही मदत हवी का? गोड आवाजात. कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच. म्हणालो, धन्यवाद, तुझे खिम्याचे गोळे थांबलेत. ती हसली. तिच्याही बाह्या ओल्या होत्या. हिनेही विणकामात नाव घातलंय वाटतं.

२८ नोव्हेंबर, सोमवार

मासा पारदर्शक झालाय. जरा जास्तच. उचलायला गेलो तर हातातून निसटून पाण्यात परत गेला. मऊ म्हणजे किती मऊ! यॉर्डिसबाईंचा मासा एवढा मऊ कधी नव्हता.

३० नोव्हेंबर

घरी एक तुकडा शिजवून पाहिला. पातेल्यात तुकडा घातला होता, दहा मिनिटांनी पातेल्यात पेज होती. चव सौम्य. किंचित धोब्याकडची. चांदीचा काटा काळा पडला. सोल्फ्रिडने एक घास तोंडात घेतला, डोळे मिटले आणि मोरीकडे गेली. चव कळणारी माणसं थोडी.

मीठ हा उपाय आहे. आयनिक संयुग, पाणी ओढून घेतं, मासा घट्ट होणार. तिन्ही कॅनमध्ये एकेक किलो मीठ. पुस्तकात याचं वेगळं प्रकरण हवं.

२ डिसेंबर, शुक्रवार

घट्ट नाही झाला. खारट झाला.

लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय? भीती वाटतेय. साठ माणसं. नववी गेली तर मला उरतं काय? आठवीचं हवामान आणि सातवीचे बेडूक. ज्या वर्गात मी पहिल्यांदा खडू हातात घेतला, तो वर्ग ती तवेवाली घेऊन जाणार. एकोणीस वर्षं, आणि एका पोरालाही माझ्यामुळे केमिस्ट्री आवडली असं कधी कानावर आलं नाही. आवडली असणार. बोलून दाखवत नाहीत. इथली माणसं बोलून दाखवत नाहीत.

उद्याचं भाषण अकरा पानांचं झालंय.

४ डिसेंबर, रविवार

काल जेवण झालं. सगळं नीट लिहायचं ठरवलंय.

दुपारी तीन कॅन ढकलगाडीवर घालून सभागृहाच्या मागच्या दाराशी गेलो. स्वयंपाकघरात वाफ, बेकन तळल्याचा वास, हसणं. आत यॉर्डिसबाई खुर्चीवर, प्लास्टरचा हात मांडीवर, डाव्या हाताने हुकूम सोडताहेत. गुन्वोर चुलीशी. माझी सोल्फ्रिड बाह्या वर करून. आणि भिंतीशी ओळीने त्या लाकडी पिंपांत मासा. पांढरा, घट्ट, बोटाने टोचला तर थरथरणारा. बाईंच्या माळ्यावरचा. अठरा तारखेपासून चाललं होतं म्हणे.

विणकाम!

मी म्हणालो, हे काय? सोल्फ्रिड म्हणाली, साठ माणसं उपाशी ठेवायची होती का? यॉर्डिसबाईंनी माझ्या कॅनमध्ये डोकावून पाहिलं. म्हणाल्या, मास्तर, हे बाहेर ठेव हं. फरशी पुसायला होईल. तिघी हसल्या. मी नाही.

तरी मी डगमगलो नाही. मासा कुणाचाही असो, केमिस्ट्री माझी होती. सगळे बसल्यावर भाषणाला उभा राहिलो. पहिल्याच पानावर वाटाण्यांचं भांडं फिरायला लागलं. मोहरी घालावी की घालू नये यावर टेबल नंबर तीनवर दरवर्षीचं भांडण पेटलं. दुसऱ्या पानावर अक्वाविटची दारू आली. तिसऱ्या पानावर मी बसलो. मासा खाल्ला. चांगला होता. दोनदा घेतला.

मग ओड्वार उठला. नववीला समोर बोलावलं. तेवीसही पोरं उभी. त्याने विचारलं, सांगा, एक मासा लाकडी पिंपात उत्तम झाला आणि दुसऱ्याने माझी बोट सोलली, हे कसं काय?

मी मान खाली घातली. गेली नववी, म्हटलं.

आणि पोरं बोलायला लागली! एकाने सांगितलं की अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर पाण्यात टिकतो, पण कॉस्टिक सोड्यात विरघळतो. दुसरा म्हणाला, थर गेला की धातू उघडा पडतो, सोडा त्यालाही खातो. तिसरी म्हणाली, त्यातून हायड्रोजन सुटतो, झाकण घट्ट असेल तर उडतं. मांजर नव्हतंच, सर, असंही म्हणाली. लाकडाचं काय, मासा का थरथरतो, तो जास्त दिवस ठेवला तर साबण का होतो, सगळं. धडाधड. एक चूक नाही. माझे डोळे भरून आले. माझी पोरं!

ओड्वारने विचारलं, एवढं कुठे शिकलात? सिवने खिशातून कागद काढला. शाळेच्या मशीनवर काढलेली प्रत, जांभळ्या शाईची. म्हणाली, सरांच्या पुस्तकात. सोल्फ्रिडबाईंनी सगळ्यांना एकेक दिलीये. मग सरांच्या शेडमध्ये आम्ही जे पाहिलं ते यात जसंच्या तसं होतं, म्हणून लगेच डोक्यात बसलं.

ओड्वार म्हणाला, वाच.

सिवने वाचलं. मोठ्याने. "पान एकेचाळीस. सावधान. कॉस्टिक सोड्याचं द्रावण अॅल्युमिनियमच्या भांड्यात कधीही ठेवू नये. ऑक्साइडच्या थरावर विसंबू नये. ही चूक फक्त मूर्ख करतात."

साठ माणसं. इतकं हसलेलं हे गाव मी पाहिलं नव्हतं. मोहरीवरून भांडणारे एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. यॉर्डिसबाईंना तर प्लास्टरच्या हाताने डोळे पुसता येईनात.

घरी येताना मी सोल्फ्रिडला म्हणालो, तू मला सरळ सांगितलं का नाहीस? ती थांबली. म्हणाली, आउडुन, तीन वेळा सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्याला मी काय करू? हे पुस्तक मी तीन वेळा वाचलंय, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. चांगलं आहे ते. तू एकदा तरी वाचलंयस का?

मी म्हणालो, मी लिहिलंय.

ती म्हणाली, ते वेगळं.

५ डिसेंबर, सोमवार

ओड्वारकडे गेलो. म्हणालो, अटीप्रमाणे पोरांना सगळं सांगता आलं, तेही माझ्या पुस्तकातून. नववी माझी. तो म्हणाला, बरोबर आहे, पुस्तक उत्तम आहे. त्याने खिडकीतून बोटशेडकडे पाहिलं. मग म्हणाला, पुस्तक ठेवू या. शिकवायला गुन्वोर.

दार जोरात लागलं नाही. वाराच नव्हता.

५ जानेवारी १९८४, गुरुवार

नवं वेळापत्रक. नववीची केमिस्ट्री गुन्वोरला. 'बंध : सोप्या भाषेत' हेच पाठ्यपुस्तक, एकशे बारा पानं, टाइप करून, शिवून. प्रस्तावना गाळलीये. जागा कमी पडली म्हणे. कॅन नंबर दोन प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात ठेवलाय, खाली चिठ्ठी आहे. वाचली नाही.

गुन्वोरचे जे तास रिकामे झाले ते मला. सातवीचं गृहशास्त्र. आज पहिला धडा, भांडी घासणे. मी सांगितलं की अॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून भिजत ठेवायचं नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, का नाही, सर? फळ्याकडे वळलो होतो, परत पोरांकडे वळलो. नेमकं कुठल्या शब्दांत लिहिलंय ते आठवेना. म्हणालो, पुस्तकात आहे.

दुपारी गुन्वोरकडे जाऊन पुस्तक मागितलं. एकच जादा प्रत आहे म्हणाली. सोमवारपर्यंत दिलीये. वर कॉफीचा कप ठेवायचा नाही असं बजावलंय.